जागा धरायला ठेवलेली पट्टी

० मिनिटं

पहिल्या तीन तबकड्यांत काहीच घालायचं नसतं. त्या तशाच उचलून बर्फावर ठेवायच्या. उरलेल्या पंधरा तबकड्यांत जीवाणूच्या भिंतीचा अर्क थेंबाथेंबानं सोडायचा, घड्याळाचं बटण दाबायचं आणि मग हात बांधून उभं राहायचं. आमच्या कामात हे उभं राहणंच सगळ्यात अवघड.

तबकडीच्या तळाला चिकटून बसलेल्या पेशी म्हणजे शरीराच्या पहिल्या फळीतल्या भक्षक पेशी. त्यांना जीवाणूचा हा तुकडा लागला की शत्रू घरात शिरला असं त्यांना वाटतं. आत एक निरोप सुटतो, हातोहात पुढे जातो, आणि सूज आणणारी रसायनं बाहेर पडतात. निरोप किती वेळ चालू राहतो, हे मला मोजायचं आहे. पाच मिनिटांनी, पंधरा, तीस, साठ आणि एकशेवीस मिनिटांनी. दर खेपेला तीन तबकड्या. एकीत साध्या पेशी. दुसरीत आमचं विकर काढून टाकलेल्या. तिसरीत ते काढून परत घातलेल्या.

हाच प्रयोग मी नऊ महिन्यांपूर्वी केला होता. त्यावरचा शोधनिबंध तीन परीक्षकांनी पास केला होता आणि तो छपाईच्या उंबरठ्यावर उभा होता. आज मी तो पहिल्यापासून करते आहे, कारण माझ्या वडिलांना पान सातवर एक ठिपका दिसला.

५ मिनिटं

तीन तबकड्या बर्फावर. गार पाण्यानं धुतल्या, पेशी फोडणारा द्राव घातला, रबरी खरवडणीनं तळ खरवडला, नळीत भरलं. नळीवर आकडा लिहिला. पुढच्या खेपेला दहा मिनिटं आहेत.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. एका छापखान्यात एकेचाळीस वर्षं ते मुद्रितशोधक होते. पाठ्यपुस्तकं, टेलिफोनच्या याद्या, बसची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात तो बारीक अक्षरातला कागद, असं सगळं त्यांच्या डोळ्याखालून गेलं. छापखान्यात त्यांना ‘भिंग’ म्हणत. समोर नव्हे, पाठीमागे. पण भिंगाला पाठीमागचंही दिसायचं. घरात आलेला कुठलाही कागद ते आधी तपासत आणि मग वाचत. मी शाळेतून आणलेल्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी सही करण्याआधी मास्तरांची एक वेलांटी सुधारली होती. मास्तर वर्षभर माझ्याशी तुटक वागले.

मी कशावर काम करते असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, विकरावर. ते म्हणाले, काना राहिला. म्हटलं, विकार नाही अप्पा, विकर. पेशीतली कामं उरकणारं प्रथिन. ते म्हणाले, एका कान्यानं कामकऱ्याचा आजार होतो, हे नाव ठेवणाऱ्यानं नीट विचार केलेला नाही.

मग मी त्यांना समजावलं. निरोप पुढे न्यायचा असला की पेशी आपल्या प्रथिनांवर खुणांची साखळी चढवते. एका प्रकारच्या साखळीचा अर्थ ‘चालू ठेवा’. दुसऱ्या प्रकारच्या साखळीचा अर्थ ‘हे मोडीत काढा’. आमचं विकर पहिली साखळी खुडतं आणि त्याच जागी दुसरी चढवतं. सूज वेळेवर उतरते ती त्यामुळे. ज्यांच्यात हे विकर बिघडलेलं असतं त्यांच्या अंगात निरोप चालूच राहतो. सांधे, आतडी, कातडी सगळं धुमसत राहतं.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. ‘म्हणजे चुकीची खूण खोडून बरोबर खूण करणारा. मग सरळ मुद्रितशोधक म्हण की. उगाच विकर-बिकर.’

आठ वर्षं मी माझं काम त्यांना दाखवलं नव्हतं; निबंध लिहिल्यावर तोही नाही. तुम्हाला काही कळायचं नाही, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, मला कुठल्याच पुस्तकातलं काही कळत नव्हतं, म्हणून तर चुका दिसायच्या.

१५ मिनिटं

तीन तबकड्या. धुतल्या, खरवडल्या, भरल्या. या खेपेला निरोप जोरात असतो, साध्या पेशींतसुद्धा.

छपाईआधीची प्रत संगणकावर आली तेव्हा तपासून परत करायला अठ्ठेचाळीस तास होते. मी ती छापून घरी नेली. खरं सांगायचं तर तपासायला नव्हे, मिरवायला. माझं नाव पहिलं होतं. अप्पांनी कागद हातात घेतला, नावाकडे पाहिलं, अक्षरं बरोबर आहेत म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बसले. आई म्हणाली, आता हा माणूस जेवायला उठायचा नाही.

तीन तासांनी प्रत परत आली. समासात पेन्सिल.

पान १, ओळ ९: स्वल्पविराम दोनदा.

पान ३: एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला आहे. एक ठरवा.

पान ४, चित्र २, खालची पट्टी, आणि पान ७, चित्र ५, खालची पट्टी: ठसा एकच आहे का? चौथ्या काळ्या रेघेच्या उजवीकडे, किंचित वर, ठिपका. दोन्हीकडे. तपासावे.

पान ८: हे वाक्य चांगलं आहे. हात लावू नये.

तिसरी नोंद वाचून मी हसले. दोन्ही चित्रांत खालची पट्टी तशीच दिसणार, म्हटलं. ती पट्टी म्हणजे वजनकाटा. वर जो निरोप मोजलाय तो सगळ्या रकान्यांत सारखंच प्रथिन भरून मोजलाय, एवढंच ती सांगते. सगळ्या निबंधांत ती तशीच असते, कंटाळवाणी.

अप्पांनी भिंग पुढे केलं. आधी एका पट्टीवर धरलं, मग दुसरीवर.

‘कंटाळवाणी गोष्ट सारखी असते,’ ते म्हणाले. ‘पण ठिपका कंटाळा म्हणून दोनदा पडत नाही.’

३० मिनिटं

तीन तबकड्या. खरवडणी तळावर दोनदा फिरवली.

माझी काम करायची पद्धत अशी आहे. पाच चित्रांचा निबंध असला की मी आधी पाचही चित्रांच्या चौकटी आखते आणि जे हाती नाही त्याच्या जागी जुनं काहीतरी ठेवते, जागा धरायला. म्हणजे पानाचा अंदाज येतो. नवं आलं की जुनं उचलायचं. आमच्या प्रयोगशाळेत सगळेच असं करतात. मला वाटतं, सगळ्याच प्रयोगशाळांत करत असतील.

पाचव्या चित्राच्या वेळी वरची पट्टी निघाली होती. विकर परत घातलेल्या पेशी, एकशेवीस मिनिटं: निरोप गुल. कागद कोरा. मी आनंदानं ओरडले होते. मग खालची पट्टी घेण्यासाठी प्रथिनं उतरवलेला तोच पडदा पुन्हा रंगवताना चिमट्यात फाटला. म्हटलं, उद्या करू. चौकटीत दुसऱ्या चित्रातली पट्टी ठेवली. जागा धरायला.

उद्या आमच्या गटप्रमुख बाईंचं भाषण होतं. परवा गोठवणीचं कपाट बंद पडलं. मग परीक्षकांचे प्रश्न आले, ते सगळे तिसऱ्या चित्रावर. आणि पट्टी जागा धरून बसली ती बसलीच. पाच लेखक, तीन परीक्षक आणि एक संपादक तिच्यावरून गेले.

त्या संध्याकाळी मी मूळ फाइल उघडून दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या. केसाचाही फरक नव्हता. मी अप्पांना तसं सांगितलं तेव्हा मला त्यांचाच राग आला होता, हे लिहायला हवं. उद्या दुपारपर्यंत ती प्रत छापायला गेली असती. कुणाला कधी कळलं नसतं.

अप्पा म्हणाले, आमच्याकडेही हे होतं. मजकूर आला नसला की चौकटीत कसलाही मजकूर भरायचा. एकदा भूगोलाच्या पुस्तकात नद्यांच्या पानावर शिवणयंत्राची माहिती छापली जाणार होती. मुलांनी पाठ केली असती.

मी विचारलं, मग काय केलंत? ते म्हणाले, छपाईचं यंत्र थांबवलं. मालक आठ दिवस बोलले नाहीत. ‘पण तुझं शिवणयंत्र नाही,’ ते म्हणाले. ‘तुझी नदी मुळात आहे की नाही, तेच माहीत नाही. ते आधी बघ.’

६० मिनिटं

तीन तबकड्या. आता साध्या पेशींत निरोप उतरायला लागलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. गुलाबी पाणी, पारदर्शक तळ, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. आमच्या गटाच्या प्रमुखांना सगळे बाईच म्हणतात. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले शिपाईसुद्धा. सोबत लांब्या होता, विकर परत घातलेल्या पेशी ज्यानं तयार केल्या तो माझा सहकारी. त्याची उंची दाराची चौकट रोज मोजते.

सगळं ऐकून बाई बराच वेळ प्रतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा पाहत राहिल्या. लांब्यानं तोवर मार्ग काढला होता. दुसऱ्या एखाद्या दिवसाची खालची पट्टी आहे ना, ती टाकू. सगळ्या सारख्याच असतात. चूक दुरुस्त होईल आणि वेळही पाळता येईल. तो वाईट माणूस नाही. निबंधावर त्याचं नाव दुसरं होतं आणि त्याच्या घरी लहान बाळ होतं.

माझंही काही कमी टांगलेलं नव्हतं. माझी नेमणूक तीन महिन्यांत संपत होती, आणि पुढच्या जागेची मुलाखत या निबंधावर उभी होती. पाचवं चित्र पडलं तर विकर परत घातल्यानं निरोप विझतो, हा निबंधाचा कणाच पडतो. मग निबंध फक्त ‘काहीतरी बिघडलं’ एवढंच सांगतो. कशामुळे, ते नाही.

मी लांब्याला म्हटलं, त्या पट्टीचा वरच्या पट्टीशी संबंध नसेल. वजनकाटा एका दुकानातला आणि माल दुसऱ्या दुकानातला.

बाईंनी विचारलं, हे कुणी पकडलं. मी सांगितलं.

‘नऊ माणसं डॉक्टर,’ बाई म्हणाल्या, ‘आणि एक माणूस वाचणारा.’

मग त्यांनी संपादकांना स्वतः पत्र लिहिलं. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता; तो त्यांनी खोडला आणि ‘आमच्या चुकीने’ असं लिहिलं. छपाई थांबवा, आम्हाला प्रयोग पुन्हा करू द्या. संपादकांनी पाच आठवडे दिले आणि निकाल बदलला तर निबंध पुन्हा परीक्षकांकडे जाईल, असं कळवलं. लांब्यानं गोठवलेल्या पेशी बाहेर काढल्या आणि वाढीला लावल्या. त्याच पेशी आज या तबकड्यांत आहेत.

१२० मिनिटं

उरलेल्या तीन तबकड्या. या दोन तासांत मी एकदाही बसले नाही.

अप्पा बाहेरच्या व्हरांड्यात पाहुण्यांचा बिल्ला लावून बसले होते. त्यांना आत येता येत नव्हतं, आणि येण्याचं कामही नव्हतं. तरी ते आले होते. दाराच्या काचेतून त्यांना माझी पाठ तेवढी दिसत असणार. मी नळ्या बर्फात खोचून बाहेर गेले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या सुरक्षेच्या सूचनांमधल्या दोन चुका मला दाखवल्या. मग विचारलं, काय झालं आत?

अजून कळायचंय, म्हटलं. आता प्रथिनं जेलीत पळवायची, पडद्यावर उतरवायची, रंगवायची. दोन दिवस.

‘दोन तास उभी होतीस.’

‘हो.’

‘मी मोजले,’ ते म्हणाले. ‘कुठेही घाई केली नाहीस.’

इतकं कौतुक मला त्यांच्याकडून दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं. तेव्हा ते म्हणाले होते, शुद्धलेखनात दोन गुण का गेले?

दोन दिवसांनी

पडद्याचा फोटो काढणारं यंत्र एका खणात असतं. झाकण बंद करायचं आणि पडद्यावर काळ्या रेघा हळूहळू उगवताना पाहायच्या. लांब्या, मी आणि बाई. मी खालची पट्टी आधी काढली, मुद्दाम. अठरा रेघा, अठराही सारख्या. कंटाळवाण्या. मला त्या क्षणी त्यांच्याइतकं सुंदर काही दिसलं नव्हतं.

मग वरची.

साध्या पेशी: तीस मिनिटांना ठळक, एकशेवीसला अगदी पुसट. विकर नसलेल्या पेशी: तीसला ठळक, एकशेवीसलाही तशीच ठळक, काही झालंच नाही अशी. विकर परत घातलेल्या: तीसला ठळक, साठला फिकी. एकशेवीसला कोरा कागद हवा होता.

रेघ होती. पातळ होती, पण होती.

मला एकदम समजलं. नऊ महिन्यांपूर्वी त्या शेवटच्या रकान्यात प्रथिनच कमी पडलं असणार. कोरा कागद निरोप विझल्यामुळे नव्हे, माल कमी भरल्यामुळे दिसला होता. हेच खालच्या पट्टीनं सांगितलं असतं, आणि नेमकी तीच फाटली होती. तिच्या जागी ज्या पट्टीला मी बसवलं तिनं प्रामाणिकपणे दुसऱ्याच प्रयोगाची साक्ष दिली.

लांब्या म्हणाला, एकदा केलंय, अजून दोनदा करू. केलं. दोन्ही वेळा तीच पातळ रेघ. मोजली तर विकर नसलेल्या पेशींच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी, आणि साध्या पेशींत उरते तेवढीच.

शब्द

निबंधाच्या मथळ्यातच होतं की आमचं विकर सुजेचा निरोप विझवतं. मथळ्यात, सारांशात, दोनदा चर्चेत. पान आठवर, जिथे अप्पांनी हात लावू नये लिहिलं होतं, त्या वाक्यातही.

बाईंनी ‘कमी करतं’ सुचवलं. खरं होतं, पण गोळीच्या जाहिरातीसारखं. लांब्यानं ‘मंदावतं’ म्हटलं. पण मंद होणं आपोआपही होतं; इथे कुणीतरी ते करत होतं, साखळी खुडून, दुसरी चढवून. मी ‘दडपतं’ लिहून पाहिलं आणि खोडलं. दडपलेलं वर उसळतं. आमच्या रेघा तसं काही दाखवत नव्हत्या.

घरी मी कोऱ्या कागदावर ते वाक्य अकरा वेळा लिहिलं. अप्पा शेजारी होते. त्यांनी एकही शब्द सुचवला नाही. मी विचारलंही, तर म्हणाले, लेखकाचा शब्द लेखकानं शोधायचा, मी फक्त तो बसला की नाही ते बघतो. मी वाचायचे, ते मान हलवायचे. नाही. पुढचा.

मला आठवत राहिलं की ती पातळ रेघ निरोगी पेशींतही असते. म्हणजे विकराचं काम अपुरं राहिलं नव्हतं. तेवढंच काम होतं. पेशीनं लढणं सोडावं असं ते म्हणतच नाही. लढताना घर जाळू नये, एवढं बघतं. सगळं विझवणारं विकर असतं तर पुढचा जीवाणू आल्यावर पेशी बघत बसली असती. हा माझा अंदाज आहे, निबंधात घातला नाही.

‘आवरतं,’ मी म्हटलं. ‘सुजेचा निरोप आवरतं.’

अप्पा मान हलवायचे थांबले. त्यांनी ते वाक्य स्वतः एकदा वाचलं, ओठ हलवत. मग पेन्सिल उचलली, समासात एक छोटी बरोबरची खूण केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

‘बसला,’ ते म्हणाले. मग आईला हाक मारून म्हणाले, ‘अगं, ऐकलंस का, हिनं आपलं वाक्य स्वतः खोडलं.’

आई आतून म्हणाली की त्यात काय एवढं, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची खोडलीत. अप्पा म्हणाले, तेच तर सांगतोय.

नवं चित्र, नवा मथळा आणि नवं पान आठ घेऊन निबंध परीक्षकांकडे परत गेला. तिघांपैकी एकानं लिहिलं की आधीच्या दाव्यापेक्षा हा दावा लहान आहे आणि म्हणूनच त्याला पटतो. दुसऱ्यानं नवे दोन प्रयोग मागितले, ते केले. मधल्या काळात मुलाखत झाली. निबंध अजून छापलेला का नाही, असं समितीनं विचारलं, तेव्हा मी ठिपक्यापासून सगळं सांगितलं. जागा मिळाली का, तर मिळाली नाही. ती दुसऱ्याला गेली. बाईंनी माझी इथली नेमणूक आणखी एक वर्ष वाढवून घेतली. त्यासाठीच्या पत्रात त्यांनी माझ्याबद्दल जे लिहिलं ते मी अप्पांना वाचून दाखवलं नाही. प्रत त्यांच्या टेबलावर ठेवून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यावर एकही खूण नव्हती. ते पत्र त्यांनी नुसतं वाचलं होतं.

आभारात मला त्यांचं नाव घालायचं होतं. बाईही हो म्हणाल्या. अप्पांनी साफ नकार दिला. मुद्रितशोधकाचं नाव पानावर दिसलं तर लोक चुका शोधायला लागतात, म्हणाले.

निबंध छापून आल्याच्या आठवड्यात मी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला त्यांच्यासोबत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळं आधीच ठाऊक होतं. किती ठाऊक होतं ते पाहून मी अप्पांकडे वळले, तर ते गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख तपासत होते.

दुकानदार मला म्हणाला, ताई, तुमच्यामुळे आमचा धंदा बसणार. सूज विझवायचं औषध तुम्ही शरीरातच शोधून काढलंत.

मी काही बोलायच्या आत अप्पांनी पाकीट काउंटरवर ठेवलं.

‘विझवायचं नाही, आवरायचं,’ ते म्हणाले. ‘आणि औषध नाही, विकर. काना नाही. लिहून घ्या, उगाच गिऱ्हाइकांना चुकीचं सांगाल.’

दुकानदारानं हसत हसत बिलाच्या पाठीवर लिहिलं. अप्पांनी बिल उलटं फिरवून आपल्याकडे ओढलं आणि नीट पाहिलं.